दिवा नसलेला लॅपटॉप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पडदा, कीबोर्ड, बॅटरी यांवर मी काही लिहीत नाही. ते सगळं सांगितल्यासारखंच निघालं. मला लिहायचंय ते डिस्कबद्दल, आणि खरं तर डिस्कच्या दिव्याबद्दल, जो या लॅपटॉपला नाही.

पहिले दोन महिने मी खूश होते. मग सफाईची हौस नडली. कंपनीने आधीच भरून दिलेली नको ती सॉफ्टवेअर्स काढण्यापेक्षा सरळ फॉरमॅट मारला आणि कोरं विंडोज १० टाकलं. चौथ्या की पाचव्या दिवशी पहिला झटका आला. माउस हलतोय, गाणं चालू आहे, पण क्लिक केलेलं काहीच उघडत नाही. अर्धा मिनिट तसंच. मग मशीनला एकदम जाग येते आणि मधल्या वेळात वैतागून केलेले सगळे क्लिक एका दमात लागू होतात. एकाच फाइलच्या पाच खिडक्या!

टास्क मॅनेजरमध्ये (मशीनचा कोणता भाग किती गुंतलाय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) डिस्क १००%, आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग शून्य. हे शंभर टक्के बघून बहुतेकांना वाटतं की डिस्कवर फार काम पडलंय. तसं नसतं. डिस्ककडे केलेली निदान एक तरी मागणी किती वेळ पुरी व्हायची बाकी होती, एवढंच तो आकडा सांगतो. शंभर टक्के आणि वेग शून्य, म्हणजे डिस्क काम करत नाहीये, कोणीतरी कोणाचीतरी वाट बघत बसलंय.

आता दिवा. माझ्या जुन्या डेस्कटॉपला पुढच्या बाजूला एक बारका लाल दिवा होता. लुकलुकत असला की काम चाललंय. ठार पेटून राहिला की डिस्ककडे काहीतरी अडकलंय. विझलेला असून मशीन अडलं असेल तर दोष दुसरीकडे शोधा. एका नजरेत निम्मं निदान. या लॅपटॉपला चार्जिंगचा दिवा आहे, कॅप्स लॉकचा आहे, माइक बंद केल्याचासुद्धा आहे. डिस्कचा नाही. आणि ज्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बघायची, तो उघडायलाही डिस्कच लागते! झटका आल्यावर उघडायला जावं तर तोही झटका संपल्यावरच उघडतो. मग तो दिवसभर कोपऱ्यात उघडा ठेवायचा. एक दिवा वाचवून कंपनीने काय मिळवलं, मला खरंच कळत नाही.

दिवा नाही म्हणून मी अंधारातच दगड मारले. इंडेक्सिंग आणि सिसमेन या मागे चालणाऱ्या विंडोजच्या सेवा बंद केल्या, अँटीव्हायरस काढून पाहिला. फरक शून्य. डिस्क तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तब्येत ठणठणीत : बदललेले सेक्टर (डिस्कवरचे कप्पे) शून्य, प्रलंबित सेक्टर शून्य, केबलची गडबड दाखवणारी १९९ क्रमांकाची सीआरसी नोंदही शून्य. वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये सलग वाचन सेकंदाला ५४० एमबी, म्हणजे डिस्क जोडायच्या साटा ३ या पद्धतीत जवळजवळ जेवढं मिळू शकतं तेवढं. चाचणी दोन-चार मिनिटांची, झटका दोन-तीन तासांतून एकदा. सापडणार कसा?

सर्व्हिस सेंटरच्या चकरा तीन झाल्या. पहिल्यांदा त्यांची चाचणी पास झाली आणि लॅपटॉप जसाच्या तसा परत आला. दुसऱ्यांदा, "मॅडम, फॉरमॅट करून बघा." मी म्हटलं, फॉरमॅट केल्यापासूनच तर सुरू झालंय. तिसऱ्यांदा आवाज चढवावा लागला, तेव्हा "डिस्क वीक झालीय" असं म्हणून वॉरंटीत नवीन डिस्क बसवली. वर कोरं विंडोज टाकलं. माझे दोन दिवस डेटा परत भरण्यात गेले. आणि तिसऱ्या संध्याकाळी तोच अर्धा मिनिट. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

पण त्या फाशीचा एक फायदा झाला. दोन वेगळ्या डिस्क एकाच पद्धतीने अडखळतायत, तर दोष डिस्कच्या अलीकडे आहे, एवढं नक्की झालं. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला (हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, मान्य). सिस्टिमच्या नोंदींमध्ये दर झटक्याच्या वेळेला पिवळा त्रिकोण. स्रोत स्टोअरएएचसीआय (डिस्कचा कंट्रोलर चालवणारा विंडोजचा ड्रायव्हर), क्रमांक १२९ : 'रेडपोर्ट०' या डिव्हाइसला रीसेट पाठवला. लॅपटॉपला रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) नाही, पण विंडोजच्या आतला पोर्ट ड्रायव्हर सगळ्यांनाच ते नाव देतो, तिकडे लक्ष द्यायचं नाही. १२९ म्हणजे विंडोजने मागणी केली, ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, म्हणून कंट्रोलरला, म्हणजे डिस्क आणि बाकी मशीन यांच्या मधल्या चिपला, हलवून जागं केलं. डिस्कवरचा डाग असता तर ७ क्रमांकाची नोंद दिसली असती. ती एकही नव्हती.

म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरचा ड्रायव्हर पाहिला. 'स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर', तारीख २१ जून २००६. मला वाटलं, सापडलं घोडं कुठे पेंड खातंय ते! इतका जुना ड्रायव्हर! लगेच लॅपटॉपच्या कंपनीचा ताजा ड्रायव्हर टाकला, आणि झटके खरंच थांबले. हे लिहायला तेव्हाच घेतलं होतं आणि शीर्षक होतं, 'मायक्रोसॉफ्टचा २००६ चा ड्रायव्हर काढा'. बरं झालं टाकलं नाही. ती तारीख खोटी आहे, मुद्दाम खोटी. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरांवर हीच तारीख छापलेली असते, कारण एकाच उपकरणाला दोन ड्रायव्हर सारखेच जुळले तर विंडोज नव्या तारखेचा निवडतं, आणि उत्पादकाचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरखाली दबला जाऊ नये अशी इच्छा असते. आतला कोड जुना नसतो. आवृत्तीचा आकडा बघायचा, तारीख नाही.

कंपनीच्या ड्रायव्हरवर पाच आठवडे काढले. झटके नव्हते, पण सोबत एक सेवा आली जी कायम मागे चालू, आणि लॅपटॉप झोपेतून उठला की पहिले काही सेकंद डिस्क डोळे चोळत बसायची. जोडणीची वीजबचत बंद केल्यावर ते थांबलं, पण दर अपडेटनंतर ती सेटिंग परत चालू. शेवटी तो ड्रायव्हर काढला आणि मूळ दुखणं शोधलं.

ते मायक्रोसॉफ्टच्या मदत-पानावर लिहिलेलं आहे. काही एएचसीआय कंट्रोलरांच्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष आहे, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरएएचसीआय ड्रायव्हरवर एमएसआय चालू असताना ते काम पुरं झाल्याचं नीट कळवत नाहीत. एमएसआय म्हणजे मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट. पूर्वी काम झालं की कंट्रोलर वेगळ्या तारेवरून प्रोसेसरला हाक मारायचा. एमएसआयमध्ये हाक नाही, ठरलेल्या पत्त्यावर चिठ्ठी टाकायची. माझा कंट्रोलर मधूनच चिठ्ठी टाकायला विसरत होता. डिस्कने काम केलेलं, विंडोज चिठ्ठीची वाट बघत बसलेलं. एएचसीआयच्या रांगेत ३२ मागण्या मावतात. एक अडकली की बाकीच्याही खोळंबतात, आणि माझे पाच क्लिक त्यांच्याही मागे.

उपाय दोन मिनिटांचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरच्या ड्रायव्हर डिटेल्समध्ये स्टोअरएएचसीआय हीच फाइल आहे ना ते आधी बघा. डिटेल्सच्या टॅबमधून डिव्हाइस इन्स्टन्स पाथ लिहून घ्या. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, एनम अशा वाटेने त्याच पाथवर जा. तिथे डिव्हाइस पॅरामीटर्स, त्यात इंटरप्ट मॅनेजमेंट, त्यात मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट प्रॉपर्टीज. आतल्या 'एमएसआय सपोर्टेड'चा १ बदलून ० करा, रीस्टार्ट. आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा, हे सांगायला नकोच. एनव्हीएमई (साटाऐवजी दुसऱ्या जोडणीच्या) डिस्कवाल्यांनी या वाटेला जाऊ नये, त्यांचा ड्रायव्हरच वेगळा. आणि ज्यांच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कंट्रोलर रेड मोडवर आहे त्यांनी माझं वाचून थेट स्टँडर्ड एएचसीआय ड्रायव्हर निवडू नये. पुढच्या बूटला निळा पडदा आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' नशिबी येईल. आधी सेफ मोड लावायचा, मग बायॉस बदलायचा.

हाक-पद्धत जुनी, म्हणून वेग पडेल अशी धास्ती होती. ४केच्या (चार-चार केबीच्या बारक्या तुकड्यांच्या) सुट्या वाचनात आधी सेकंदाला ३१ एमबी, नंतर ३०. सलग वाचन ५३८. या फरकासाठी कोणी भांडू नये.

त्याला आता साडेतीन महिने झाले. १२९ ची नोंद फक्त एकदा परतली. विंडोजचं मोठं अपडेट आलं, त्याने ड्रायव्हर नव्याने बसवला आणि ० चा पुन्हा १ केला. दुसऱ्याच दिवशी पाच खिडक्या उघडल्या तेव्हा कळलं. तेव्हापासून प्रत्येक अपडेटनंतर तो आकडा तपासते.

दोन तारे देणार होते, साडेतीन देते. अर्धा तारा कापलाय तो फर्मवेअरसाठी, कारण सर्व्हिस सेंटरला सगळं लिहून दिल्यावरही बायॉसचं अपडेट आलेलं नाही. उरलेला एक दिव्यासाठी.