मोसमभर हार्नेस आणि लाइफलाइन वापरल्यावर: खरी भीती शिडीवरच

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये हरणाच्या शिकारीचा मोसम धनुष्यवाल्यांसाठी 1 ऑक्टोबरला आणि बंदूकवाल्यांसाठी 15 नोव्हेंबरला उघडतो. मी सप्टेंबरातच सामान आणलं: अठरा फुटी शिडीचं मचाण, अंगभर पट्ट्यांचा हार्नेस आणि तीस फुटी लाइफलाइन, म्हणजे चढता-उतरताना सांभाळणारा दोर. मचाणाच्या खोक्यात एक हार्नेस फुकट येतोच. पण त्यात पायाचा पट्टा कुठला आणि खांद्याचा कुठला हे शोधायला दिवाणखान्यात लख्ख उजेडात पंधरा मिनिटं गेली. पहाटे पाचला अंधारात काय झालं असतं? म्हणून जाकिटासारखा चढवायचा दुसरा घेतला.

बायको म्हणाली, "तुमचे आजोबा जोंधळ्याच्या माळ्यावर गोफण घेऊन बसायचे, ते काय बांधून बसायचे?" आजोबांचा माळा सात-आठ फुटांचा, पडले असते तर जोंधळ्यात पडले असते. इथे खाली गोठलेली जमीन आणि ओकची मुळं.

खोक्यातल्या हार्नेससोबत झाडाला गुंडाळायचा एकच पट्टा मिळतो. म्हणजे वर पोचल्यावर स्वतःला बांधायचं, तोवर रामभरोसे. लाइफलाइन मचाणाच्या वर खोडाला बांधतात, दुसरं टोक बुंध्याशी. तिच्यावर प्रुसिक गाठ असते. हाताने सरकवली की सरकते, वजनाचा झटका बसला की दोराला आवळून धरते. हार्नेसच्या पट्ट्याची कडी जमिनीवरच या गाठीत अडकवायची आणि पुन्हा जमिनीवर आल्यावरच काढायची. बंदूक रिकामी करून, नळी खाली ठेवून, वेगळ्या दोरीने वर ओढायची.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साडेदहाला उतरायला निघालो. पायऱ्यांवर दहिवर गोठलेलं, बूट ओले. पहिल्याच पायरीवर डावा पाय सटकला आणि दोन्ही हात सुटले. गाठ डोक्याच्या वर ठेवली होती, म्हणून जेमतेम वीतभर खाली आलो. गुडघा शिडीवर आपटला. गाठ कमरेशी राहिली असती, तर ढिल्या पट्ट्याच्या लांबीइतका आणखी पडलो असतो. कडी पाठीला असते, त्यामुळे गर्रकन फिरून तोंड जंगलाकडे झालं आणि शिडी पाठीमागे गेली. पाय चाचपडत पायरी सापडेपर्यंत मांड्यांतले पट्टे असे रुतले की घाम फुटला. असं लटकत राहिलं तर रक्त पायांत साचतं आणि शुद्ध हरपू शकते. त्यासाठी हार्नेसच्या खिशात एक फासा असतो, त्यात पाय घालून उभं राहायचं. शेजारच्या म्हाताऱ्याने ऑक्टोबरात परसदारी दोन फुटांवर मला लटकावून हे करून घेतलं होतं. तेव्हा हसलो होतो. फोनही त्यानेच पिशवीतून काढून छातीच्या खिशात ठेवायला लावला.

तक्रारी आहेतच. जाड हातमोजे घालून प्रुसिक सरकत नाही. दोर भिजून गोठला की काठीसारखा ताठ होतो. बकल खणखण वाजतं. मी त्यावर कापडी टेप गुंडाळली. लघवीचं विचारू नका, बाटली न्या. नारंगी जाकीट सगळ्या कपड्यांच्या वर, बाहेरून दिसलं पाहिजे, त्यामुळे हार्नेस आत घातला आणि पाठीतून पट्टा बाहेर काढायला जाकिटाच्या शिवणीला चीर दिली. आता तिथून वारा शिरतो.

हार्नेसच्या पट्टीवर लिहिलंय: पाच वर्षांनी किंवा एकदा पडल्यावर टाकून द्या. एक टाकाही उसवला नव्हता. वीतभर पडणं म्हणजे पडणं का, यावर दोन दिवस घातले आणि मग कुरकुरत नवा मागवला.

लाइफलाइन डिसेंबरअखेर आठवणीने काढून आणली. मचाणाचे पट्टे मात्र झाडालाच राहिले. मार्चमध्ये गेलो तर एक पट्टा खारींनी अर्ध्यापर्यंत कुरतडलेला आणि दुसरा सालीत रुतलेला. खालून पाहिलं तर मचाण जसंच्या तसं उभं होतं.