मारवाडी घोडा घेताना: सारंगखेड्याचा बाजार की पैदासकाराचा तबेला?

पहिलाच मारवाडी किंवा काठियावाडी घोडा घ्यायचा असेल आणि पारख असलेलं जवळचं कोणी सोबत नसेल, तर पैदासकाराच्या तबेल्यातूनच घ्या. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जरूर जा, पण पैसे घरी ठेवून.

बाजाराची ताकद निवडीत आहे. दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातले घोडे एकाच मैदानात उभे असतात. उंची, कान, चाल, भाव सगळं शेजारीशेजारी ताडून पाहता येतं. तबेल्यात विकाऊ जनावरं मोजकी आणि भावही सहसा ठाम. त्याबदल्यात तिथे घोड्याची आई दिसते. आईचे खूर आणि स्वभाव पाहिले की शिंगराबद्दल बरंच कळतं.

खरा फरक पडतो तो तपासणीत. बाजारात घोडा रेवाल या सपाट, आरामशीर चालीत दाखवतात आणि घेणारा तिच्यावर भाळतो. पण रेवालमध्ये अंगाला उसळी बसत नाही, त्यामुळे हलकं लंगडणं लपून जातं. म्हणून कडक जमिनीवर, दोरी सैल सोडून, सरळ रेषेत दुडकी चालवायला सांगा. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. मग दोन्ही अंगांनी लहान गोल फिरवा. वेदनाशामक टोचलेलं असेल तर हेही फसतं, आणि गुंगीचं औषध दिलं की तापट घोडा गरीब गाय होऊन उभा राहतो. यावर उपाय एकच: वेगळ्या दिवशी, न कळवता पुन्हा जाऊन पाहणं, आणि सौद्याच्या दिवशी पशुवैद्याकडून रक्ताचा नमुना काढून ठेवणं. तबेल्यात हे जमतं. बाजारात दुसऱ्या दिवशी घोडा जागेवर असेलच असं नाही.

वय तोंडी ऐकू नका, दात पाहा. समोरचे मधले कायमचे दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. दोन वर्षांच्या शिंगरावर स्वार बसवून दाखवत असतील तर पुढे चला. त्याची हाडं अजून भरलेली नसतात. वरातीसाठी नाचवलेला घोडाही सवारीला घेऊ नका, ढोल ऐकला की तो पाय उचलू लागतो.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून बाजारात भाव खूप हलतो: देवमण हा शुभ मानलेला भोवरा असलेला महाग, अशुभ मानलेल्या भोवऱ्याचा स्वस्त. केसांच्या वळणाचा पायाच्या मजबुतीशी काहीच संबंध नाही. ज्याला पारख आहे त्याने बाजारात असा अशुभ भोवऱ्याचा, पण निरोगी घोडा शोधावा. मात्र पुढे विकताना आपल्यालाही भाव कमीच मिळणार हे धरून चाला.

कागद दोन्हीकडे सारखेच मागा. नोंदणी आहे असं सांगितलं तर मानेतल्या मायक्रोचिपचा क्रमांक स्कॅनरने कागदाशी जुळवा. ग्लँडर्सचा निगेटिव्ह अहवाल नसेल तर सौदा नको. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला कायद्याने दयामरण द्यावं लागतं. पावतीवर रंग, पायांचे पांढरे पट्टे, भोवरे आणि चिप क्रमांक लिहून घ्या.

बाजारातून आणलेला घोडा 21 दिवस इतरांपासून वेगळा बांधा. बादली, खरारा (अंग घासायचा ब्रश), दोरही वेगळा. विक्रेत्याकडची आठवडाभराची चंदी (दाणा) आणि चारा सोबत आणा आणि रोज थोडाथोडा बदला, कारण खाणं एकदम बदललं की पोटशूळ उठतो.