उंच ड्रायव्हरसाठी विलीस जीपची सीट: उद्यमनगरातील एका वर्कशॉपच्या कामाचा अनुभव

माझी उंची सहा फूट दोन इंच आहे आणि माझ्याकडे 1944 सालची विलीस जीप आहे. या दोन गोष्टींचे जमत नाही, हे गाडी घरी आणली त्याच दिवशी कळले. क्लचवर पाय ठेवला की डावा गुडघा स्टिअरिंगच्या कडेला टेकायचा आणि वळण घेताना तो उघड्या बाजूने बाहेर काढावा लागायचा. पंचवीस-तीस किलोमीटर गेले की मांडीला आणि कमरेला रग लागायची. शिवाय विंडस्क्रीनच्या चौकटीची वरची पट्टी नेमकी नजरेसमोर येत असल्यामुळे मान खाली घालूनच गाडी चालवावी लागे. दीड वर्ष हे सोसल्यानंतर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपकडून मी सीटमध्ये बदल करून घेतला. जुन्या लष्करी गाड्या चालवणाऱ्या उंच माणसांना उपयोगी पडेल म्हणून तो अनुभव सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकन लष्कराच्या लेखी ही जीप म्हणजे पाव टनी ट्रक. 1941 ते 1945 या काळात विलीस आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जेमतेम 80 इंच आणि ड्रायव्हरची सीट गाडीच्या तळाच्या पत्र्याला पक्की बोल्ट केलेली. ती पुढेमागे सरकत नाही. खरी अडचण मात्र सीटच्या खाली आहे. पंधरा गॅलनची, म्हणजे सुमारे 57 लिटरची पेट्रोलची टाकी नेमकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली बसवलेली आहे आणि पेट्रोल भरायचे तर बैठकीचे कुशन उचलून झाकण उघडावे लागते. त्यामुळे सीटची चौकट खाली घेता येत नाही, आणि वर घ्यावी तर डोके विंडस्क्रीनच्या वर जाते.

यापूर्वी ज्या गॅरेजांत चौकशी केली, तिथे सगळीकडे एकच सल्ला मिळाला: नव्या कारची सरकती सीट रेल्ससह बसवून टाका. एका ठिकाणी तर मला खुर्चीवर बसवून माप घेण्याचीही गरज कोणाला वाटली नाही. अशा सीटने उंची आणखी वाढते, पेट्रोल भरायला प्रत्येक वेळी अख्खी सीट काढावी लागते आणि रेल्ससाठी मूळ पत्र्याला नवी भोके पाडावी लागतात. हे शेवटचे मला अजिबात मान्य नव्हते. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर ती मूळ रूपात राखलेली असावी लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. सीट बसवायचा ब्रॅकेट ही त्यामानाने किरकोळ गोष्ट असली, तरी ऐंशी वर्षे टिकलेला पत्रा माझ्या सोयीसाठी कापणे मला पटत नव्हते.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पहिला तासभर हत्याराला हातच लावला नाही. त्यांनी मला सीटवर बसवले, क्लच पूर्ण दाबायला सांगितला आणि गुडघा व स्टिअरिंग यांच्यातले अंतर मोजले. मग जुने कुशन काढून एकावर एक घड्या घातलेली पोती ठेवली आणि एकेक पोते कमी करत ते मला पुन्हा पुन्हा बसवत राहिले. शेवटी ते म्हणाले, "साहेब, तुमचा त्रास डोक्याचा कमी आणि पायाचा जास्त आहे. तुम्हाला खाली नेण्यापेक्षा मागे नेऊ." हे निदान अचूक होते, आणि मी पैसे दिले ते मुख्यतः या निदानाचे, असे मी मानतो.

त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. पाच मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्ट्या तळाच्या पत्र्यातल्या मूळ भोकांतच बोल्टने बसवायच्या आणि सीटच्या चौकटीचे पाय त्या पट्ट्यांवर अडीच इंच मागे घ्यायचे. प्रत्येक पट्टीवर भोकांच्या दोन जोड्या पाडल्या आहेत, कारण माझी पत्नीही ही जीप चालवते आणि तिची उंची पाच फूट तीन इंच आहे. पान्याने चार बोल्ट सोडवून सीट पुढे घ्यायला साधारण वीस मिनिटे लागतात. कापणे, भोके पाडणे आणि वेल्डिंग हे सगळे बाहेर टेबलावर झाले. गाडीत फक्त बोल्ट आवळले गेले, तेही टाकी काढून बाजूला ठेवल्यावर. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी उडू नये, याची ही काळजी मला फार मोलाची वाटली.

एक चूक मात्र झाली आणि ती सांगायलाच हवी. माझ्या जीपची टाकी रुंद तोंडाची आहे. सीट मागे घेतल्यावर चौकटीची आडवी नळी त्या झाकणाच्या कडेवर आली आणि झाकण अर्धे फिरून अडकू लागले. रिकाम्या टाकीवर माप घेताना झाकण उघडून पाहायचे राहून गेले होते. पेट्रोल पंपावर रांगेत उभे असताना हे लक्षात आल्यामुळे मनस्ताप झाला. वर्कशॉपने जादा पैसे न घेता नळीला बाहेरच्या बाजूने बाक देऊन दिला, पण त्यात आणखी चार दिवस गेले. हे काम करून घेणाऱ्यांनी गाडी ताब्यात घेण्यापूर्वी झाकण स्वतः उघडून, शक्य तर पेट्रोल भरून पाहावे.

कुशनचे काम त्यांनी शेजारच्या कुशनवाल्याकडून करून घेतले. आधीच्या कोणा मालकाने घातलेला पाच इंची मऊ फोम काढून चार इंचांचा घट्ट फोम घातला आणि त्याची पुढची कड थोडी उंच ठेवली, त्यामुळे मांडीला गुडघ्यापर्यंत आधार मिळतो. वरून हिरवट जाड कॅनव्हास आहे. रेक्झिन घ्यायचा आग्रह त्यांनी धरला नाही, हे बरे झाले. उजव्या कडेची शिवण मात्र मला थोडी ढिली वाटते.

त्यानंतर पन्हाळ्याला तीनदा आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीला एकदा जाऊन आलो. घाटातल्या वळणावर गुडघा आणि स्टिअरिंग यांच्यात आता चार बोटांचे अंतर राहते आणि चौकटीची पट्टी नजरेच्या वर गेली आहे. रत्नागिरीला उतरल्यावर मी सरळ उभा राहू शकलो. पूर्वी दोन मिनिटे बॉनेटला धरून उभे राहावे लागे. मागच्या सीटवर ड्रायव्हरच्या पाठीशी बसणाऱ्याची पायाची जागा मात्र अडीच इंचांनी कमी झाली आहे, त्यामुळे तिथे आता मुलेच बसतात.

पट्ट्या, रंग, कुशन आणि मजुरी मिळून साडेअकरा हजार रुपये खर्च आला आणि दुरुस्तीसह गाडी अकरा दिवस वर्कशॉपमध्ये होती. मूळ बोल्ट आणि जुने कुशन त्यांनी चिठ्ठ्या लावून गोणीत बांधून परत दिले आहे.