टेरिपॅराटाइड आणि सेमाग्लुटाइड : आधी कोणते इंजेक्शन घ्यावे?

साठी ओलांडलेल्या आईला मधुमेह आहे आणि साध्या घसरण्याने तिचा मणका दबला आहे. अस्थिरोगतज्ज्ञ टेरिपॅराटाइड लिहून देतात, मधुमेहतज्ज्ञ सेमाग्लुटाइड सुचवितात आणि दोन्हींचा खर्च एकदम झेपत नाही. अशा वेळी घरच्यांनी कशाला प्राधान्य द्यावे? ही औषधे एकमेकांना पर्याय नाहीत, त्यामुळे त्यांच्यात सरस कोणते हे पाहण्यापेक्षा कोणता धोका अधिक जवळ आहे हे पाहिले पाहिजे.

दोन्ही औषधे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या आहेत. त्या जठरात पचून जातात, म्हणून त्वचेखाली टोचाव्या लागतात. सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते, परंतु ती उपाशीपोटी, अर्ध्या कपाएवढ्या पाण्यासोबत घेऊन पुढे किमान अर्धा तास चहासुद्धा न घेण्याचे पथ्य काटेकोर पाळावे लागते.

टेरिपॅराटाइड हा परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथीच्या संप्रेरकातील ८४ अमिनो आम्लांपैकी पहिल्या ३४ अमिनो आम्लांचा भाग आहे. हे संप्रेरक रक्तात सतत वाढलेले राहिले तर हाडे झिजतात, परंतु दिवसातून एकदाच, थोड्या वेळासाठी वाढले तर हाड बांधणाऱ्या पेशींना चालना मिळते. २० मायक्रोग्रॅमचे रोजचे इंजेक्शन याच गुणावर उभे आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, आधी मणका मोडलेल्या स्त्रियांमध्ये मणक्याच्या नव्या अस्थिभंगाचा धोका या मात्रेने सुमारे ६५ टक्क्यांनी घटला होता. बहुतेक औषधे हाडांची झीज थांबवितात, हे मात्र नवे हाड घडविते, आणि म्हणूनच मला त्याचे मोल अधिक वाटते. उपचार साधारणपणे दोन वर्षे चालतो. त्यानंतर अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखे झीज थांबविणारे औषध सुरू केले नाही, तर कमावलेले हाड पुन्हा घटू लागते; तेव्हा त्या पुढच्या औषधाचा खर्चही आधीच हिशेबात धरावा. रक्तातील कॅल्शियम वाढलेले असेल किंवा हाडांना पूर्वी किरणोपचार झाले असतील, तर हे औषध देत नाहीत. पहिल्या काही डोसांनंतर उभे राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून इंजेक्शन बसून घ्यावे.

सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते साखर आणि भूक दोन्ही आटोक्यात आणते, वजन उतरविते, आणि हृदयविकार असलेल्या मधुमेही रुग्णांत हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका कमी करते. ०.२५ मिलिग्रॅमपासून मात्रा हळूहळू वाढवितात, तरीही मळमळ आणि बद्धकोष्ठता होऊ शकते. त्या काळात तर्रीचा तांबडा रस्सा बाजूला ठेवून थोडे थोडे खावे. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, तर ते घेऊ नये. सोबत इन्सुलिन चालू असेल, तर साखर फार खाली जाण्याचा धोका राहतो.

मूळची कृश आणि नुकताच मणका मोडलेली स्त्री असेल, तर माझ्या मते आधी टेरिपॅराटाइडचा विचार व्हावा. सेमाग्लुटाइडने वजनाबरोबर स्नायूही घटतात, आणि अशा देहाला ते परवडत नाही. तिची साखर मेटफॉर्मिनसारख्या स्वस्त गोळ्यांनी सांभाळता येते का, हे विचारावे. याउलट वजन जास्त, हृदयविकार आधीच झालेला आणि हाडे विरळ असली तरी मोडलेली नसतील, तर सेमाग्लुटाइड पुढे यावे, आणि मूत्रपिंडे ठीक असल्यास हाडांसाठी आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी पुरेशी ठरू शकते.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून इंजेक्शनचे पेन घेऊन एसटीने गडहिंग्लजला जायचे असेल, तर ते बर्फाच्या थेट स्पर्शात येणार नाही अशा बेताने थंड डब्यात न्यावे आणि घरी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे. गोठलेले पेन पुन्हा वापरू नये. टेरिपॅराटाइडचे पेन पहिल्या वापरापासून २८ दिवसांनी, औषध उरले असले तरी, टाकून द्यावे लागते, म्हणून सुरुवातीची तारीख पेनच्या खोक्यावर लिहून ठेवावी.