धाब्याच्या तुळयांची डेक-खुर्ची: फैजपूरच्या गच्चीवर नऊ महिने

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ही खुर्ची गच्चीवर चढवली, आता जानेवारी संपत आला. खानदेशचा उन्हाळा, पावसाळा आणि थंडी, तिन्ही तिने उघड्यावर काढले. लाकडाच्या वस्तूबद्दल त्याआधी काही लिहिणं मला पटत नव्हतं.

जुन्या प्रवासी जहाजांच्या डेकवर रांगेने लांबलचक लाकडी खुर्च्या मांडलेल्या असत. पाठ मागे कललेली, पाय सरळ पसरायला पुढे पट्ट्यांचा वेगळा भाग, हात रुंद आणि सपाट. तिला स्टीमर चेअर म्हणतात. आपल्या वाड्यांतल्या आरामखुर्चीची ती लांबची बहीण. फरक एवढाच, की ही हलत्या जमिनीवर ठेवण्यासाठी घडली आहे.

मला ती का हवी होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सप्टेंबर २००२ मध्ये आम्ही दोघं साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला ‘क्वीन एलिझाबेथ २’ या जहाजाने गेलो. मुलीकडे विमानानेही जाता आलं असतं, पण ह्यांनी कॉलेजात असल्यापासून या जहाजाची कात्रणं जमवली होती. १९६७ साली क्लाइडबँकला ते पाण्यात उतरलं, मे १९६९ मध्ये पहिल्या सफरीला निघालं, लांबी ९६३ फूट, हे सगळं मला लग्नाच्या पहिल्या वर्षातच पाठ झालं होतं. सहा रात्रींचा प्रवास. आमची खोली खालच्या मजल्यावर, बिनखिडकीची. म्हणून दिवस सगळा डेकवर जायचा.

मी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मुलांना दाखवायचे, की नकाशावरची सरळ रेषा हा जवळचा रस्ता नसतो. ताणलेला दोरा अटलांटिकवर उत्तरेकडे कमानीसारखा वाकतो. त्या सहा दिवसांत मी स्वतः त्या दोऱ्यावर होते. रोज दुपारी बाराला भोंगा व्हायचा आणि कप्तान अक्षांश, रेखांश, कापलेलं अंतर सांगायचे. मी खुर्चीत पडल्या पडल्या वहीत टिपून घ्यायची. रात्री घड्याळ एक तास मागे. अशा पाच रात्री, कारण दोन गावांच्या वेळेत पाच तासांचा फरक. विमानात हा फरक अंगावर कोसळतो. जहाजावर दिवस पंचवीस तासांचा होतो, बस.

न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला धुकं लागलं. उबदार गल्फ प्रवाह आणि थंड लाब्राडोर प्रवाह तिथे भेटतात, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! आता ते चेहऱ्यावर ओलं लागत होतं. धुक्यात चालत्या जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यायचा, असा नियम आहे. मी घोंगडी गळ्यापर्यंत ओढून पडले होते. भोंगा झाला की तो छातीत आणि खुर्चीच्या लाकडात एकदमच जाणवायचा. शेजारच्या खुर्चीत हे होते आणि तासभर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. आमच्या संसारातला तो सर्वांत सुखाचा तास होता असं मी म्हणते, आणि हेही नाही म्हणत नाहीत.

ते जहाज २००८ साली दुबईला गेलं आणि २०१८ पासून तिथे हॉटेल आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोन रात्री राहून आलो. डोळे भरून आले ते खरं, पण रात्री टेबलावरच्या पेल्यातलं पाणी अगदी निश्चल होतं. १९८७ मध्ये वाफेची टर्बाइनं काढून नऊ डिझेल इंजिनं बसवली होती; आमच्या प्रवासात त्यांची बारीक थरथर उशीतून झोपेत यायची. तीच नव्हती. परत येताना मी ह्यांना म्हटलं, जहाज तर आता चालणार नाही, खुर्ची तरी करून घेऊ.

लाकूड घरचंच निघालं. सासऱ्यांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर उतरवलं तेव्हा माळवदाच्या सागवानी तुळया गोठ्यात रचून ठेवल्या होत्या. सत्तरेक वर्षं वाळलेलं सागवान. सागात मूळचंच तेल असतं, पाणी आत सहज शिरत नाही, वाळवी सहसा लागत नाही. जहाजांचे डेक सागाचे करत ते याचसाठी. सावद्याच्या सुतारमिस्त्रींना फोटो आणि मी काढलेलं चित्र दाखवलं. ते बराच वेळ बघून म्हणाले, “ताई, हिला खुर्ची म्हणायचं का बाज?” मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी मजुरीचे साडेनऊ हजार घेतले आणि पितळी बिजागऱ्या-स्क्रूंना बत्तीसशे लागले. लोखंड वापरू नका, असं मी बजावलं होतं. आपल्याकडे खारा वारा नाही हे खरं, पण साग आणि लोखंड एकत्र ओले झाले की लाकडावर काळे डाग पडतात.

मापं देते, कुणाला करून घ्यायची असेल तर उपयोगी पडतील. पायाच्या भागासकट लांबी पाच फूट, रुंदी दोन फूट, बैठक जमिनीपासून तेरा इंच, वजन सोळा किलो. पाठ तीन खाचांवर कमी-जास्त कलते. पायाचा भाग काढून खुर्ची घडी करता येते. वादळ आलं की डेकवरच्या खुर्च्या अशाच मिटून बांधून ठेवत. पट्ट्यांत बोटभर फट ठेवली आहे, त्यातून पाणी निथळतं आणि वारा खेळतो. बैठक बुटकी ठेवण्याचंही कारण आहे: जहाज डोललं तरी खुर्ची कलंडत नाही.

पण हाच बुटकेपणा आमच्या वयाला जड जातो. बसताना सुख, उठताना गुडघ्यांची परीक्षा. मिस्त्रींनी पायांना दोन इंचांचे ठोकळे लावून पाहिले. उठणं सोपं झालं, पण पसरलेल्या पायांचा कोन बिघडला, मांड्यांखाली पट्टी रुतायला लागली. ठोकळे काढले. आता मी रुंद हातांवर तळवे टेकून आधी कडेला सरकते, मग उठते. ज्यांचे गुडघे फार दुखतात त्यांनी ही खुर्ची करूच नये.

मे महिना कठीण गेला. पंचेचाळीस अंशांत दुपारी पितळेला हात लावला तर चटका बसायचा. सकाळी साडेसातच्या आत आणि रात्री आठनंतर, एवढाच वापर. धुळीची वावटळ उठली की सगळ्या फटी भरायच्या. त्यासाठी जुना दाढीचा ब्रश उत्तम. पण उन्हाळ्यातल्या रात्री! आपल्याकडे गच्चीवर बाज टाकून झोपायची पद्धत आहेच, पण बाजेवर आकाश सरळ डोक्यावर असतं. या खुर्चीत मान उचलावी लागत नाही आणि नजर आपोआप क्षितिजाच्या थोडी वर राहते. मी ती उत्तरेकडे तोंड करून ठेवली आहे, सातपुड्याकडे. ध्रुवतारा जितके अंश वर दिसतो तितका आपला अक्षांश. फैजपूरला तो एकवीस अंशांवर, डोंगराच्या काळ्या कडेच्या थोडा वर. साउदॅम्प्टनला एक्कावन्न होता, न्यूयॉर्कला एकेचाळीस. जहाजावर तो दहा अंश खाली उतरला. नातवाला मी मुठी मोजायला शिकवलं: हात लांब केला की एक मूठ साधारण दहा अंश. त्याने दोन मुठी मोजल्या आणि ओरडला, “आजी, बरोबर आहे!” या खुर्चीचे सगळे पैसे मला त्या रात्री वसूल झाले.

पावसाळ्यात ताडपत्री घालायची नाही असं ठरवलं होतं. जुलैत पायाच्या भागाची खुंटी फुगून खाचेत अडकली. मिस्त्रींनी येऊन रंधा मारून दिला, पैसे घेतले नाहीत. लाकडाचा तपकिरी रंग गेला आणि राखाडी, चंदेरी छटा आली. शेजारच्या वहिनींनी कळवळून पॉलिश सुचवलं. मी नको म्हटलं. डेकवरचा उघडा साग असाच पिकतो, तो खराब होत नाही. पॉलिश केलं की उन्हात पापुद्रे सुटतात आणि दरवर्षी खरवडत बसावं लागतं. दिवाळीनंतर फक्त साबणाच्या पाण्याने घासली. गादीत आपला कापूस भरला आहे, तो दर पंधरा दिवसांनी उन्हात टाकावा लागतो. घोंगडीच्या जागी सासूबाईंनी शिवलेली गोधडी.

खुर्चीमुळे माणसंही जमायला लागली. धुळ्याचे डॉक्टरकाका, ह्यांच्या वडिलांचे स्नेही, चौऱ्याऐंशी वर्षांचे, महिन्यातून एकदा मुलाला गाडी काढायला लावून येतात. ते १९६४ साली शिकायला गेले ते मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावरून, लॉइड ट्रिएस्टिनो या इटालियन कंपनीच्या ‘व्हिक्टोरिया’ जहाजाने. कराची, एडन, सुएझ, पोर्ट सईद आणि पुढे इटली. पोर्ट सईदला जादूगार जहाजावर चढत आणि प्रवाशांच्या कोटातून कोंबडीची पिल्लं काढत, हे सांगताना काका स्वतःच्या बाहीत हात घालून दाखवतात. मग भरीत आणि कळण्याची भाकरी होते, आणि ह्यांची कात्रणांची फाईल उघडते. त्यात एक फोटो गांधीजींचा आहे: १९३१, गोलमेज परिषदेला जाताना ‘राजपुताना’ जहाजाच्या डेकवर. पाच वर्षांनी ते आमच्या फैजपूरला आले, काँग्रेसच्या खेड्यात भरलेल्या पहिल्या अधिवेशनाला. गावात अधिवेशनाची आठवण सगळ्यांना असते, जहाजाची कुणाला नसते.

काकांनीच मला जुन्या खुर्च्यांवरच्या नावाच्या पट्टीबद्दल सांगितलं. पूर्वी कित्येक जहाजांवर खुर्ची सफरीपुरती भाड्याने मिळे, आणि डोक्याशी छोट्या पितळी चौकटीत प्रवाशाच्या नावाचं कार्ड अडकवत. मग ती जागा संपूर्ण प्रवासात त्याची. अकराच्या सुमाराला डेकवरचा माणूस गरम सूप आणून देई. सूपाच्या जागी मी मुगाचं कढण देते. चौकट सप्टेंबरात बसवून घेतली.

या महिन्याच्या सुरुवातीला एका पहाटे केळीच्या बागांवर दाट धुकं उतरलं. सातपुडा दिसेना, समोरची पाण्याची टाकीही दिसेना. गोधडी घेऊन बसले. सावद्याकडून भुसावळ-खंडवा मार्गावरच्या गाडीचा लांब हॉर्न आला आणि मी नकळत मनगटावरच्या घड्याळात दोन मिनिटं मोजायला लागले. दुसरा आला नाही, गाडी पुढे गेली होती. हे चहा घेऊन वर आले आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले.

त्याच आठवड्यात मिस्त्रींना निरोप पाठवला. तुळया अजून शिल्लक आहेत. एक खुर्ची ह्यांच्यासाठी आणि एक डॉक्टरकाकांसाठी, काकांची दीड इंच उंच आणि पायाचा भाग त्या मानाने आखूड. ते माप मिस्त्रींनी काकांना कट्ट्यावर बसवून, पाय पसरायला लावून स्वतः घेतलं. काकांना नावाच्या चौकटीत नाव नको आहे. त्यांच्या १९६४ च्या केबिनचा नंबर त्यांना अजून आठवतो, तो घालायचा आहे.