फाइनवेर्कबाऊ ३००एस: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव, आणि जुनी घेताना भाव कसा ठरवायचा

नागपुरात दहा मीटर एअर रायफलवाल्यांच्या हातात आता सगळीकडे सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी पीसीपीच दिसते आणि नवीन इम्पोर्टेड घ्यायची म्हटलं की गोष्ट लाखांत जाते, म्हणून कोणी जुनी ३००एस एअर रायफल विकायला काढली की पोरं विचारतात, भाऊ घेऊ का? मी मानकापूरकडच्या एका रिटायर्ड काकांकडून घेतली, उन्हाळ्याच्या आधीपासून वापरून राहिलो, आणि खरं सांगतो, इतकी प्रामाणिक रायफल मी दुसरी हाताळली नाही.

आधी ओळख पटवा. ही जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फची, १९७० च्या दशकातली स्प्रिंगवाली साइड लिव्हर, म्हणजे बाजूचा दांडा ओढून ताणायची रायफल. याच घराण्यातल्या १५० आणि ३०० लांबून सारख्याच दिसतात त्यामुळे विकणारा काय म्हणतो ते सोडा, बॉडीवर कोरलेलं मॉडेल वाचा, नंबर लिहून घ्या. पंचकोनात एफ असेल तर ती ७.५ जूलच्या जर्मन मर्यादेतली. आपल्याकडे ४.५ एमएम आणि २० जूलपर्यंत लायसन्स लागत नाही, म्हणून ही बिनघोर घेता येते, पॉइंट टू टू (.२२, बारूदाच्या गोळीवाली) टार्गेट रायफलचा मामला मात्र पूर्ण वेगळा, ती लायसन्सशिवाय घरात आणायचीच नाही.

हिची खरी कमाल म्हणजे रिकॉइल, फायरचा मागचा धक्का. चाप ओढला की बॅरलसकट सगळी बॉडी दस्त्यावरच्या रुळांवर मागे सरकते, धक्का खांद्यापर्यंत पोचतच नाही. डायऑप्टर, म्हणजे नेम धरायची मागची बारीक भोकाची साइट, तोही सोबत मागे येतो, डोळ्याशी रबरी कप हलकेच हलतो, बस तेवढंच जाणवतं. खांद्याला ठोसा लागला तर रुळांवरचं ग्रीस वाळलंय समजा. बिना छर्ऱ्याचा फायर करून दाखवणाऱ्याला तिथेच थांबवा, पिस्टनची वाट लागते.

आता भाव. लोकं चमक पाहून पैसे देतात आणि तिथेच फसतात. माझ्या मते अर्धी किंमत डायऑप्टरमध्ये आहे, ओरिजिनल असेल, दोन्ही नॉब फिरवताना प्रत्येक क्लिक बोटाला लागत असेल, पुढच्या टनेलच्या (नळीच्या टोकावरच्या साइटच्या) बदलायच्या रिंगा डबीत असतील, तर भाव द्या. डायऑप्टर नसेल तर नुसती रायफल स्वस्त वाटते खरी पण नंतर तो शोधता शोधता जीव जातो. नवीन ब्लूइंग (लोखंडावरचा काळा-निळा थर) केलेली, दस्ता घासून पॉलिश मारलेली मी कमीच धरीन, जुने ओरखडे असलेली पण कोणी हात न लावलेली त्याहून बरी. स्क्रूच्या खाचा पहा, चेपलेल्या असतील तर आत कोणीतरी हात घालून बसलाय.

आतली हवा अडवणाऱ्या सीलची परीक्षा क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर करा. ०.५३ ग्रॅमचा चपट्या तोंडाचा छर्रा, एफवाल्या रायफलीत वेग १६५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास यायला पाहिजे, पण आकड्यापेक्षा तो शॉटमागून शॉट तसाच राहतो का हे महत्त्वाचं. दहा-पंधरा मीटरने वरखाली नाचत असेल तर सील किंवा स्प्रिंग गेली, तो खर्च आधीच भावातून कापा. माझीत फायर करताना ब्रीचवर, म्हणजे छर्रा भरायच्या तोंडाशी, हवा लीक होत होती, काकांना दाखवलं, त्यांनी लगेच पैसे कमी केले, तिथली सीलची रिंग बदलल्यावर सगळे छर्रे एका भोकात यायला लागले. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलीमीटरचा असतो, तरी हिच्यावर कधी दोष टाकावा लागला नाही.

तक्रार म्हणाल तर वजन, पाच किलोच्या जवळपास, बारक्या पोरांना उभ्याने जड जाते, त्यांच्यासाठी ज्युनियर मॉडेल पहा. आणि आपला मे महिना. पारा ४५ च्या वर गेला की लाकूड वाळतं, दस्त्याचे स्क्रू सैल पडतात आणि झीरो, म्हणजे लावून ठेवलेला नेम, हलतो. कूलरच्या समोर ठेवू नका, त्या ओलाव्याने गंज धरतो. केसमध्ये बंद, सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर महिन्याला दस्त्याचे स्क्रू तपासणे एवढं मी करून राहिलो. नळीत तेल ओतू नका, डिझेलिंग होतं, म्हणजे दाबलेल्या हवेत तेल पेटतं, नळी साफ करायला फेल्टचे गोळे पुरतात. घेताना सीलचा जादा सेट काकांकडून सोबतच मागून घेतला होता, तुम्हीही विकणाऱ्याला हे आधी विचारा, मग भावाला बसा.