गांडूळ खत आठ महिने साठवल्यावर

दिवाळीनंतर आमच्या दोन बेडमधून बारा पोती गांडूळ खत निघालं. शेत करवीर तालुक्यात, ऊस आडसाली, म्हणजे खत जुलैच्या लावणीपर्यंत टिकवायचं होतं. मी ते तीन तऱ्हांनी ठेवून बघितलं.

चार पोती खत चाळल्याबरोबर ओलंच जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं आणि तोंडं घट्ट बांधली. चूक माझीच. एप्रिलमध्ये पहिली पिशवी सोडली तर नासक्या अंड्यासारखा वास, तळाला काळा चिकट गाळ. हवा कोंडली की उपयोगी जिवाणू तग धरत नाहीत आणि नत्र वायू होऊन निघून जातं. ते खत सावलीत पसरून आठवडाभर वरखाली केलं, तेव्हा कुठं वास गेला.

चार पोत्यांचं खत पत्र्याखाली उघडा ढीग करून ठेवलं. मार्चमध्ये पत्रा तापला आणि वरच्या थराची भुकटी झाली. पाणी मारलं तर थेंब वरूनच घरंगळायचे, आत मुरायचेच नाहीत. मग मेमधल्या वळवानं ढिगाची कड भिजली आणि चहाच्या रंगाचं पाणी गटारीकडं वाहताना दिसलं. विरघळणारं नत्र आणि पालाश त्याच पाण्यातून जातं. फार जीव हळहळला.

राहिलेली चार साध्या विणलेल्या पोत्यांत, गोठ्यामागच्या सावलीत, फळ्यांवर. भरण्याआधी चार दिवस सावलीत सुकवलं होतं. मूठ दाबली की लाडू वळावा, बोटानं टोचला की फुटावा, पाणी मात्र गळू नये. एवढी ओल ठेवली. विकायच्या खताला खत नियंत्रण आदेशात 15 ते 25 टक्के ओलावा सांगितलाय, पण घरी वापरायचं तर मी त्याहून ओलसरच ठेवते. दर तीन आठवड्यांनी पोत्यांवर हलकं पाणी शिंपडलं. दोनापेक्षा जास्त पोती एकावर एक रचली नाहीत, नाहीतर खालचं दाबून घट्ट होतं.

जुलैत पोतं सोडलं तर पहिल्या पावसातल्या मातीचा वास! आत दोऱ्याएवढी बारीक गांडुळं वळवळत होती. चाळणीतून निसटलेले गांडुळांच्या अंड्यांचे कोष आतच फुटले होते. आत्याबाईंनी ओंजळभर उचलून नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "हे आधी तुळशीला घाल गं."

एकच अडचण आली. दुपारनंतरचं ऊन लागून कडेच्या पोत्याचा धागा चिरला, म्हणून पश्चिमेच्या बाजूला गोणपाट टांगलंय. यंदाची सगळी पोती त्याच्याच आड ठेवलीत.